दोघांत एकच यंत्र

३ मार्च, मंगळवार

वही नवी, मार्कर काळा आणि जाड. एका पानावर सात ओळी बसतात, अक्षरं बोराएवढी. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, मुंगीएवढ्या टाइपातली चुकलेली वेलांटी हातभर अंतरावरून पकडली, आणि आता स्वतःचंच लिहिलेलं वाचायला ही बोरं. असो. रडगाणं गायला वही आणलेली नाही.

बातमी अशी की लेकीचा फोन आला. तिला बढती मिळालीय आणि त्या आनंदात तिला आम्हाला काहीतरी घेऊन द्यायचंय. ई-रीडर नाहीतर टॅब्लेट. "दोघांत मिळून एकच घ्या," म्हणाली. "दोन घेतली तर एक कपाटात पडेल, मी ओळखते तुम्हाला. एकवीस तारखेला येतेय, तोवर ठरवून ठेवा." दोन्हीत अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणे. मी फोन ठेवला आणि घरातल्या घरात तीन फेऱ्या मारल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. माझ्या नजरेचा मधला भाग विरत चाललाय. मोठी अक्षरं वर्ष-दीड वर्ष वाचता येतील, पुढचं आज सांगता येत नाही. वाचल्याने डोळे बिघडत नाहीत, खुशाल वाचा, असंही म्हणाल्या. म्हणजे हातात दीड वर्ष आहे आणि मला त्यातला एकही दिवस वाया घालवायचा नाही.

तोवर माझं वाचन म्हणजे ही. छापखान्यात आम्ही समोरासमोर बसायचो. मूळ प्रत हिने मोठ्याने वाचायची, मी प्रुफावर खुणा करायच्या. स्वल्पविरामाला टेबलावर एक टिचकी, पूर्णविरामाला दोन. आमचं लग्नही त्याच टेबलावर जमलं. गेल्या वर्षी माझी नजर उतरल्यापासून ही रोज दुपारी चारला मला वाचून दाखवते. सध्या एका नदीवरच्या होडीवाल्याची कादंबरी चालू आहे. विटेएवढी जाड.

५ मार्च, गुरुवार

खालच्या दुकानातल्या घड्याळवाल्यांकडे ई-रीडर आहे. गिऱ्हाईक नसलं की त्यावर वाचत बसतात. त्यांनी मला दोन्हींतला फरक समजावला. ई-रीडरचा पडदा कागदासारखा असतो, डोळ्यांवर उजेड फेकत नाही, एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालतो. पण तो वाचण्याशिवाय दुसरं काहीच करत नाही. टॅब्लेट सगळं करतो. चित्रं दाखवतो, गाणी म्हणतो, बोलणं साठवून ठेवतो, लेकीचा चेहरा दाखवतो; पण त्याचा पडदा म्हणजे डोळ्यांपुढे धरलेला दिवाच.

वाचण्याशिवाय काहीच करत नाही! मला अशीच माणसं आयुष्यभर आवडत आली आहेत. माझं मत तिथेच झालं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात ही सुईत दोरा ओवून घ्यायला आली. घरी सुई, घरी दोरा, आणि ओवायला ही बाई एक जिना उतरून घड्याळवाल्यांकडे येते. त्यांच्या डोळ्याला भिंग लावलेलंच असतं हे खरं, पण हे गप्पांचं निमित्त आहे हे न कळायला मी दूधखुळा नाही.

७ मार्च, शनिवार

आम्ही दोघं यंत्रांच्या दुकानात जाऊन आलो. जिन्यावर हिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी म्हटलं, अगं, मी पडणार नाही. तरी पकड काही सैल केली नाही. माझी भारी काळजी.

विक्रेता गळ्यात टाय बांधलेला, पन्नाशीचा, मधाळ बोलणारा. त्याने ई-रीडरवर अक्षर वाढवत वाढवत नेलं आणि एका टप्प्यावर मला वाचता आलं. सरळ, सलग, न अडखळता. पाच ओळी पडद्यावर, आणि पाचही माझ्या. किती दिवसांनी! मी भर दुकानात मोठ्याने वाचत सुटलो. टायवाला म्हणाला, सावकाश वाचा काका, पुस्तक पळून जात नाही.

मग टॅब्लेट पाहिला. अक्षरं ठसठशीत, पण वीस मिनिटांत डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिकडे टायवाल्याने हिच्या हातात दुसरा एक टॅब्लेट दिला. हिने तो जरा लांब धरला, जरा जवळ धरला आणि म्हणाली, छान आहे, स्वच्छ दिसतं. टायवाला अदबीने म्हणाला, "मॅडम, तो अजून चालू करायचाय."

परतताना मी रस्ताभर हसत होतो. हिचं यंत्रांकडे लक्षच नसतं. ही काही हसली नाही.

८ मार्च, रविवार

जरा मन खट्टू झालंय, ते लिहून टाकतो.

मी ई-रीडरचे गोडवे गात होतो तर ही म्हणाली, "टॅब्लेटच घ्या. तो पुस्तक वाचूनही दाखवतो." तो आवाज काल टायवाल्याने ऐकवला होता. हरवलेल्या सामानाची घोषणा करावी तसा वाचतो. मी म्हटलं, मला तू आहेस की वाचायला. त्यावर ही म्हणाली, मी काय कायमची पुरणार आहे?

कळलं. एकतीस वर्षं छापखान्यात माझ्यापुढे घसा कोरडा केला, आता घरीही तेच. कंटाळली आहे. तोंडावर सांगायचं कसं म्हणून टॅब्लेटच्या आडून सांगतेय. मी तिला कधी विचारलंही नाही की बाई गं, तुला हे रोज चारला वाचणं आवडतं का. आता तर ई-रीडरच हवा. मी माझं वाचीन, तिची सुटका होईल.

चहात आज साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मी निमूट प्यायलो. मन दुसरीकडे असलं की असं होतं.

११ मार्च, बुधवार

कादंबरीबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर पोट फुटेल.

पहिला अर्धा भाग बेताचा होता. होडीवाला, त्याचा भाऊ, होडी कुणाची यावरून भांडण. लेखकाला प्रत्येक ढगाचा रंग सांगायची खोड. पण पंधराव्या प्रकरणापासून गृहस्थाला काय साक्षात्कार झाला कोण जाणे. रंग बंद! होडीवाल्याची बायको, जी तोवर नुसती भात वाढण्यापुरती होती, ती एकदम कादंबरीच्या मधोमध येऊन बसली. ती नदी कानांनी ओळखते. वल्ह्याच्या आवाजावरून पाणी किती खोल ते सांगते. ओल्या दोराच्या वासावरून नवरा कुठल्या काठाला जाऊन आला ते ओळखते. आणि तिचं नवऱ्याशी बोलणं काय, तिरकस, मायेचं, अगदी घरातलं. आज तर ती नवऱ्याला म्हणते, तुम्ही मला पैलतीर दाखवू नका, तिथवर किती वल्ही लागतात तेवढं सांगा. मी हिला थांबवलं आणि म्हटलं, परत वाच. हिने परत वाचलं, पण दोन शब्द निराळे आले असं वाटलं. वय झालं माझं, दुसरं काय.

आणखी एक. हिच्या टिचक्या बंद झाल्या आहेत. छापखाना सुटून नऊ वर्षं झाली तरी बोटाला लागलेली सवय सुटली नव्हती, ती या कादंबरीने सोडवली. एवढी रंगून वाचते. हातातलं पान कधी उलटलं याचंही भान नसतं तिला, कधीकधी अर्धा तास एकच पान. मग मला कळेना, कंटाळलेली बाई असं वाचते का?

मी म्हटलं, या लेखकाला पत्र लिहायला हवं, काय लिहितो हा माणूस. ही म्हणाली, एवढं काही नाही. आणि उठून आत गेली. हिला कौतुक करायला जमतच नाही कुणाचं.

१४ मार्च, शनिवार

घड्याळवाल्यांनी त्यांचा ई-रीडर आठवडाभर वापरायला दिला. देवमाणूस. मी त्यांना म्हटलं, हीच होडीवाल्याची कादंबरी त्यावर घालून द्या, म्हणजे हिने वाचलेला भाग मला स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा वाचता येईल. ते जरा घुटमळले. म्हणाले, दुसरी एखादी घालू का? वहिनींना विचारलंत का? मी म्हटलं, तिला कशाला विचारायचं, तिच्या सुटकेसाठीच तर चाललंय हे सगळं. घातली त्यांनी.

१५ मार्च, रविवार

वाचलं! सकाळी दोन तास, जेवणानंतर दोन तास. डोळ्यांत टिपूस नाही. पडद्यावर पाच ओळी, की बोट टेकवायचं, की पुढच्या पाच. नव्याने वाचायला शिकलेल्या पोरासारखा मी प्रत्येक पानावर खूश होतो. मनाशी यादीही सुरू केली, दीड वर्षात काय काय वाचायचं त्याची. दिवसाला चार तास म्हणजे कुठच्या कुठे जाईन मी!

सुरुवातीपासून धरली होती, पण ढगांचे रंग पुन्हा सोसवेनात, म्हणून मधली प्रकरणं सोडून दिली. उद्या पंधरावं प्रकरण. तिथून मजा.

१६ मार्च, सोमवार

हा काय छळ आहे!

ई-आवृत्ती भयंकर सदोष आहे. पंधराव्या प्रकरणात होडीवाल्याच्या बायकोचा अख्खा प्रसंग गाळलाय. सोळाव्यातही नाही. दोराचा वास नाही, वल्ह्यांची मोजणी नाही. त्याऐवजी दोघे भाऊ कोर्टात गेले आहेत आणि प्रकरणामागून प्रकरण वकील बोलतोय. पुढची प्रकरणं चाळली, तर बायको विसाव्यात माहेरी जाते ती परतच येत नाही. कुणीतरी दुसऱ्याच कादंबरीची पानं घुसडली असावीत. आमच्या छापखान्यात असं झालं असतं तर मॅनेजरांनी मला उभा चिरला असता.

मी दिवसभर बसून शुद्धिपत्र केलं. गाळलेले प्रसंग एकूण सतरा. ते प्रकाशकाला पाठवणार. पण पुराव्याशिवाय पाठवायचं नाही. उद्या चारला हिला समोर बसवतो. मूळ छापील पुस्तक तिच्या हातात, ई-रीडर माझ्या हातात, शब्दाला शब्द ताडून बघू. नऊ वर्षांनी पुन्हा आमची जोडी! मला तर हुरूप आलाय.

हिला सांगितलं. ही म्हणाली, जाऊ द्या ना. चूक ती चूक, जाऊ कशी द्यायची?

१७ मार्च, मंगळवार

चारला टेबल मोकळं केलं. खुर्च्या समोरासमोर मांडल्या. ही म्हणाली, आज नको, डोकं जड आहे. मी म्हटलं, दहाच मिनिटं. पुस्तकातले प्रकरणांचे आकडे मोठे आहेत, ते मला दिसतात, म्हणून पंधरावं मीच उघडून दिलं. पुस्तकातली खुणेची दोरी नेमकी तिथेच होती. वाचन चोविसाव्याचं चाललं असताना दोरी इथे कशी, हे मनात आलं, पण तोवर हिने सुरुवात केली होती.

"नदीला त्या दिवशी ओल्या दोराचा वास येत होता," हिने वाचलं.

मी म्हटलं, बघ, इथे तसं नाही. इथे आहे, दोघे भाऊ कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे होते. तुझ्यात काय छापलंय ते शब्दन् शब्द वाच.

हिने पानावर तळहात ठेवला. मी म्हटलं, वाच ना.

"माझ्यात काहीच नाही," ही म्हणाली. "मला पान पांढरं दिसतं. डिसेंबरपासून."

मला अर्थ कळायला वेळ लागला. मी मूर्खासारखा विचारत राहिलो, पांढरं म्हणजे? छापलेलं नाही? हिने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. आधी अक्षरं धुक्यात गेली, मग ओळी गेल्या. माणसं दिसतात, पण चेहरे पुसट. चौदावं प्रकरण तिने कसंबसं अंदाजाने संपवलं, आणि पंधराव्यापासून मनाने सांगायला लागली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुमचे डोळे चाललेत. माझेही चाललेत म्हणून सांगितलं असतं तर चार वाजता आपण काय केलं असतं?"

मी ई-रीडर बंद केला.

१८ मार्च, बुधवार

माझी मलाच लाज वाटते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं आणि घरात एवढी मोठी गोष्ट तीन महिने निसटू दिली. वहीची मागची पानं वाचून काढली. सुई, जिना, मीठ, बंद टॅब्लेट. सगळं मीच लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात, बोराएवढं. जिन्यावर ती मला सावरत नव्हती. ती मला धरून उतरत होती.

घड्याळवाल्यांना माहीत होतं. हिने त्यांना शपथ घातली होती.

आणि अकरा तारखेचं पान. ते तर चारदा वाचलं. मी ज्याचं कौतुक करून करून थकत नव्हतो तो लेखक माझ्यासमोर बसून चहा गाळत होता.

१९ मार्च, गुरुवार

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या यजमानांचं दुखणं वेगळं, हे सरळ काढून टाकता येतं, पुढच्या महिन्यात एक डोळा, मग दुसरा. इतके दिवस थांबलात कशाला? हिला वाटलं होतं की आपलंही माझ्यासारखंच चाललंय. मी दवाखान्याच्या दारात नाचायचाच काय तो बाकी होतो. येताना एकमेकांचा हात धरून आलो, आणि कोण कुणाला धरतंय याची आता लपवाछपवी नव्हती.

प्रकाशकाला लिहून ठेवलेलं पत्र फाडलं. शुद्धिपत्र ठेवलं. त्यात हिचे सतरा प्रसंग क्रमवार लिहिलेले आहेत.

२१ मार्च, शनिवार

लेक आली. तिला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग आईवर चिडली, मग माझ्यावर. मग म्हणाली, आता ई-रीडर नक्की ना बाबा? आईचे डोळे बरे होतीलच, तुम्हाला तो सोसतो.

मी म्हटलं, टॅब्लेट.

दोघी एकदम म्हणाल्या, "का?" मी सांगितलं की ई-रीडरवर हजारो पुस्तकं मावतात, पण मला ज्याचं पुढचं प्रकरण हवंय ते त्यांत नाही. ते कुठेच छापलेलं नाही. टॅब्लेट बोलणं साठवून ठेवतो. हिने सांगायचं, त्याने ठेवायचं, आणि दिसतंय तोवर मी ऐकून ऐकून या मार्करने उतरवून काढायचं.

ही रागावली. खरीच रागावली. "तुमच्याकडे दीड वर्ष आहे," म्हणाली. "चार-चार तास वाचत होतात तुम्ही. ते टाकून माझी बडबड उतरवत बसणार? माझे डोळे येतील परत, मी वाचीन तुम्हाला. खरं पुस्तक वाचीन."

"मी आयुष्यभर छापलेलं वाचलं," मी म्हटलं. "न छापलेलं पहिल्यांदाच कानावर पडतंय. मला ते पुरं ऐकायचंय."

हे सोपं नव्हतं. पंधरा तारखेची यादी डोळ्यांपुढे होती. टॅब्लेटवर मी वीस मिनिटांपलीकडे वाचू शकत नाही, हे मला माहीत आहे. त्या यादीतलं बहुतेक सगळं आता राहून जाणार आणि त्याचं वाईट वाटतंय. पण होडीवाल्याची बायको पैलतीराला पोचली की नाही, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही, हेही तेवढंच खरं.

अट मात्र घातली. होडी, दोघे भाऊ आणि त्यांचा तो वकील त्या लेखकाचे, त्यांचे त्यांना राहू देत. बायको तेवढी हिची. तिला घेऊन नव्याने सुरू कर म्हटलं, दुसऱ्याच्या मजकुरात मी हात घालू देणार नाही. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही कठीण आहात.

संध्याकाळी टॅब्लेट आणला. ई-रीडर घड्याळवाल्यांना परत केला. पाच मिनिटं लागली मला तो हातातून सोडायला.

२२ मार्च, रविवार

चार वाजता टॅब्लेट डब्याला टेकवून उभा केला. लेकीने कुठे बोट लावायचं ते दाखवलं. हिने केस सारखे केले, पाणी प्यायली, म्हणाली मला जमणार नाही. मग ताठ बसली.

छापखान्यात मूळ प्रत वाचायची ती पहिल्या पानापासून. आधी पुस्तकाचं नाव, मग लेखकाचं, मग मजकूर. ही सवयीने तशीच लागली. म्हणाली, नाव अजून ठरायचंय. मग "लेखक" म्हणाली आणि थांबली. एकतीस वर्षांत हिने शेकडो नावं वाचली असतील त्या जागी. कुणाच्या नावामागच्या पदव्यासुद्धा कधी गाळल्या नाहीत.

लेक काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला.

मग हिने स्वतःचं नाव घेतलं. पूर्ण, सावकाश, प्रत वाचायच्या आवाजात. मी नीट कान देऊन ऐकलं. एकही चूक नव्हती.